एक्केचाळिसावं मिनिट

वार्दितेर, या आठवड्यात तीन आणलेत.
पहिला डोळे मिटून बघ.
एक विधुर पाणक्या आणि त्याचं हट्टी खेचर.
खेचर मरत नाही, हे आधीच सांगून टाकतो,
नाहीतर तू दीड तास जीव मुठीत धरून
त्याच्याच पायांकडे बघत बसशील.

तुझी आवड तशी सोपी आहे.
जेवणाच्या प्रसंगात माणसं खरंच जेवली पाहिजेत,
शिंपिणीचे हात शिंपिणीचे दिसले पाहिजेत,
आणि कुणी खोटं रडलं
की तू सूर्यफुलाच्या बिया जोरजोरात फोडतेस.
अवघड आहे ते वेगळंच.

दुसरा म्हणजे दोन बहिणी, शिवणयंत्र एक,
त्यावरून चौदा वर्षांचा अबोला.
धाकटी दातांनी दोरा तोडते, तेव्हा तू चुकचुकशील.
फक्त एक्केचाळिसाव्या मिनिटाला
उठून स्वयंपाकघरात जा.
कॉफी ठेव. उतू जाऊ देऊ नकोस.
काही होत नाही गं,
रस्त्यावरून एक ट्रक जातो
आणि बशीतला कप
किणकिणतो.
एवढंच.
पण त्या किणकिणण्याच्या पुढचं वाक्य तुला पाठ आहे.
(चौकातलं घड्याळ थांबलं होतं
तोच आकडा निघाला. मी शोधायला गेलो नव्हतो.)

मागच्या हिवाळ्यात चुकलो होतो.
हलकाफुलका आहे म्हणून दिलेल्या त्या लग्नाच्या सिनेमात
वऱ्हाडी नाचले आणि झुंबर हललं.
तू उठलीस, कोट न घालता
अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिलीस,
प्रत्येक भिंतीपासून सारखंच अंतर राखून,
ग्युम्रीच्या उणे अठरा थंडीत.
मी कोट घेऊन मागे आलो.
"शेवट गोड आहे का रे, हमायाक?"
आहे, म्हणालो.
तोवर मीही पाहिला नव्हता.
रात्री एकट्यानं पाहिला. होता गोड.

तेव्हापासून दुकानाचं शटर ओढतो,
पोट उघडून पडलेले फोन बाजूला सारतो,
आणि पेन्सिल घेऊन बसतो.
बारावं मिनिट : खाणीत सुरुंग. आवाज बंद कर.
तिसावं : शाळेची घंटा. तुला चालेल की नाही, माहीत नाही.
अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात तू कुठल्या वर्गात शिवण शिकवत होतीस
हे मी कधी विचारलेलं नाही.
यादीवरून अंदाज येतो.

तिसरा पाकिटातच राहू दे.
चांगला आहे म्हणतात. फारच चांगला.
म्हणूनच.
त्यात एक शहर पडतं.

*

रविवारी तू पाकीट परत दिलंस.
चिकटपट्टी फाडलेली.
माझ्याच कागदाच्या पाठीमागे तुझं टाक्यांसारखं बारीक अक्षर :

"पूर्ण पाहिला. दोनदा.
धूळ फार पांढरी दाखवलीय, आपली करडी होती.
ढिगाऱ्याखालून हाका इतक्या स्पष्ट येत नाहीत.
बाकी बाईनं काम मन लावून केलंय.
सूप शेवटच्या घोटापर्यंत पिते.

पण हमायाक, तुझी पेन्सिल
सतराव्या मिनिटाला थांबलीय.
तिथून पुढे तू पाहिलेलाच नाहीस.
शहर तर पंचावन्नाव्या मिनिटाला पडतं.
सतराव्याला नुसतं बसस्थानक आहे,
आणि रशियाला निघालेला एक मुलगा
काचेतून हात हलवतो.

झिरायरचा फोन शेवटचा कधी आला होता,
हे मीही विचारत नाही.

पुढच्या वेळी इकडेच ये. मिळून बघू.
सोळा मिनिटं झाली की मी सांगेन,
तू अंगणात जा. कोट घालून जा.
ती बस फार वेळ दिसत राहते.
वळणाआड गेली
की हाक मारीन."